मेमरीचं वेळापत्रक

प्रोग्राममध्ये एखाद्या चलाला पाच ही किंमत दिली की तो आकडा कुठेतरी जाऊन बसतो आणि हवा तेव्हा परत मिळतो. तो नेमका कुठे बसला, तिथे कसा पोहोचला, तिथे टिकावा म्हणून कोणी काय केलं, यातलं काहीच प्रोग्राम लिहिणाऱ्याला दिसत नाही. ते सगळं प्रोसेसरमध्ये आधीच बांधून ठेवलेलं असतं. एफपीजीएच्या डेव्हलपमेंट बोर्डावर काम करायला घेतलं की ही सोय संपते. मेमरीची चिप डोळ्यांसमोर सोल्डर केलेली असते, तिच्या पिना तांब्याच्या रेषांनी एफपीजीएला जोडलेल्या असतात आणि मध्ये कोणीही नसतं. कुठल्या क्षणी कुठली पिन हाय करायची आणि कुठली लो, हे आपण ठरवायचं.

हे काम एकदा मुळापासून समजून घेतलं की मेमरीबद्दलची आपली कल्पना बदलते. मेमरी म्हणजे क्रमांक घातलेल्या जागांची रांग, असं चित्र पहिल्या धड्यापासून मनात पक्कं बसलेलं असतं. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. पत्ता बरोबर असला तरी वेळ चुकली तर उत्तर चुकतं, आणि वेळ साधली तर तीच चिप कितीतरी पट जास्त काम करते. बाहेरच्या मेमरीशी बोलण्याची सगळी विद्या या एका गोष्टीभोवती उभी आहे.

आतली मेमरी कुठे कमी पडते

एफपीजीए या चिपमधलं सर्किट कारखान्यात कायमचं ठरत नाही, ते वापरणारा ठरवतो. आत हजारो छोटे लॉजिक ब्लॉक आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचं जाळं असतं. कुठल्या ब्लॉकने काय करायचं आणि कोणाला जोडून घ्यायचं, हे व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या भाषांत लिहून चिपमध्ये भरायचं. झायलिंक्सने १९८५ मध्ये आणलेल्या एक्ससी२०६४ या चिपमध्ये असे ६४ ब्लॉक होते. आता ही संख्या लाखांवर गेली आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांकडून येणारे संकेत हाताळणाऱ्या यंत्रणेतही एफपीजीएचे बोर्ड आहेत.

शिकण्यासाठी जे बोर्ड जगभरच्या प्रयोगशाळांत रुळले, त्यांतला एक म्हणजे तैवानच्या टेरासिक कंपनीचा डीई२-११५. त्यावर आल्टेराची सायक्लोन ४ मालिकेतली एफपीजीए आहे. तिच्यात १,१४,४८० लॉजिक एलिमेंट आहेत आणि स्वतःची मेमरीही आहे. ४३२ छोटे ब्लॉक मिळून ही मेमरी ३,८८८ किलोबिट, म्हणजे ४८६ किलोबाइट भरते. ती वापरायला अगदी सोपी. पत्ता द्यावा आणि लगेच पुढच्या क्लॉक सायकलला डेटा घ्यावा.

आता समजा, कॅमेऱ्यातून येणारं चित्र पडद्यावर दाखवायचं आहे. चित्र ६४० बाय ४८० बिंदूंचं आणि प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी १६ बिट. हिशेब केला तर एका चित्राला ६,१४,४०० बाइट, म्हणजे बरोबर ६०० किलोबाइट लागतात. एवढ्या मोठ्या एफपीजीएच्या पोटात एक साधं चित्रही मावत नाही. म्हणून बोर्डावर बाहेरच्या मेमरी दिलेल्या असतात. डीई२-११५ वर त्या तीन प्रकारच्या आहेत: २ मेगाबाइट एसरॅम, १२८ मेगाबाइट एसडीरॅम आणि ८ मेगाबाइट फ्लॅश. तिघींशी बोलण्याची रीत वेगळी आहे.

सुरुवात एसरॅमपासून

एसरॅममध्ये प्रत्येक बिट काही ट्रान्झिस्टरच्या अशा जोडणीत धरलेला असतो, की वीज आहे तोवर तो आपोआप टिकतो. डीई२-११५ वरच्या चिपला पत्त्याच्या २० पिना आणि डेटाच्या १६ पिना आहेत. २० बिटांतून १०,४८,५७६ पत्ते होतात, प्रत्येकावर दोन बाइट, म्हणून एकूण २ मेगाबाइट. नियंत्रणासाठी चिप एनेबल, आउटपुट एनेबल आणि राइट एनेबल अशा पिना असतात, आणि त्या लो केल्या की काम सुरू होतं. क्लॉक या चिपला लागतच नाही.

वाचायचं असेल तर पत्ता ठेवायचा, चिप एनेबल आणि आउटपुट एनेबल लो करायच्या आणि साधारण १० नॅनोसेकंद थांबायचं. बोर्डावरचा क्लॉक ५० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे त्याची एक सायकल २० नॅनोसेकंदांची. तेवढ्यात डेटा आरामात पोहोचतो.

लिहिताना मात्र क्रम सांभाळावा लागतो. आधी पत्ता आणि डेटा स्थिर करायचे, मग राइट एनेबल लो करायची, थोडा वेळ तशीच ठेवायची आणि पुन्हा हाय करायची. राइट एनेबल लो असतानाच पत्ता बदलला, तर बदलाच्या त्या निमिषात पत्त्याचे काही बिट नवे आणि काही जुने असतात. तेवढ्यात भलत्याच ठिकाणी लिहिलं जातं. अशी चूक शोधणं फार जड जातं, कारण बिघाड जिथे दिसतो तिथे त्याचं कारण नसतं.

दुसरी काळजी डेटाच्या पिनांची. त्याच १६ तारांवरून आपण लिहितो आणि त्याच तारांवरून चिप उत्तर देते. दोघांनी एकाच वेळी तार धरली आणि एकाने एक, दुसऱ्याने शून्य लावलं, तर दोन्ही चिपांमधून नको तेवढा विद्युतप्रवाह जातो आणि वाचलेला आकडाही भरवशाचा राहत नाही. म्हणून वाचताना एफपीजीएने आपल्या बाजूने तार सोडून द्यायची असते. व्हेरिलॉगमध्ये त्यासाठी पिनेला 'झेड' ही अवस्था देतात: ना शून्य, ना एक, फक्त मोकळी. लिहिण्यावरून वाचण्याकडे वळताना मध्ये एक रिकामी सायकल ठेवली तर सुरुवातीच्या बऱ्याच अडचणी टळतात.

फ्लॅश मेमरी वीज गेल्यावरही लक्षात ठेवते, पण लिहिण्याच्या बाबतीत ती कडक आहे. लिहिताना बिट फक्त एकाचा शून्य करता येतो. पुन्हा एक करायचा असेल तर किलोबाइटमध्ये मोजला जाणारा अख्खा सेक्टर पुसावा लागतो आणि त्या पुसण्याला लिहिण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. त्यामुळे फ्लॅशमध्ये क्वचित बदलणाऱ्या गोष्टी ठेवाव्यात: अक्षरांचे आकार, ध्वनीचे नमुने, प्रोसेसरचा प्रोग्राम.

एसडीरॅम: आधी ओळ उघडा

मोठ्या आणि स्वस्त मेमरीचं मूळ १९६६ सालातल्या एका कल्पनेत आहे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट डेनार्ड यांनी एक बिट साठवायला एकच ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरे, हे दाखवलं. त्याचं पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळालं, आणि १९७० मध्ये इंटेलने ११०३ ही एक किलोबिटची डीरॅम चिप बाजारात आणली. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला की एक, नसला की शून्य. रचना इतकी लहान, की त्याच जागेत एसरॅमपेक्षा कितीतरी जास्त बिट बसतात. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. भार हळूहळू गळून जातो, आणि वाचताना तर तो लगेच सांडतो.

एसडीरॅम हा डीरॅमचाच क्लॉकवर चालणारा प्रकार. डीई२-११५ वर ६४ मेगाबाइटच्या दोन एसडीरॅम चिप आहेत. एका चिपमध्ये चार बँका, प्रत्येक बँकेत ८,१९२ ओळी, प्रत्येक ओळीत १,०२४ शब्द आणि प्रत्येक शब्द १६ बिटांचा. गुणाकार केला की ३,३५,५४,४३२ शब्द होतात. इतके पत्ते सांगायला २५ बिट लागतात, पण चिपला पत्त्याच्या पिना १३ आणि बँकेच्या २ इतक्याच असतात. कारण पत्ता दोन हप्त्यांत द्यायचा असतो. आधी ओळीचा क्रमांक, नंतर त्याच पिनांवरून स्तंभाचा क्रमांक. पिना वाचवण्याची ही युक्ती मॉस्टेक कंपनीने १९७३ मध्ये आपल्या चार किलोबिटच्या चिपमध्ये आणली आणि ती पुढे टिकली.

हे दोन हप्ते केवळ पिना वाचवण्यापुरते नाहीत, चिपच्या आतलं कामही तसंच चालतं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असतात. एक कागद पाहायचा तरी अख्खा रुमाल टेबलावर आणून सोडावा लागतो. त्यातले कितीही कागद मग भराभर पाहता येतात. पण दुसरा रुमाल हवा असेल, तर पहिला नीट बांधून जागी ठेवल्याशिवाय टेबल मोकळं होत नाही. एसडीरॅमची ओळ म्हणजे असा रुमाल, आणि चार बँका म्हणजे चार टेबलं.

चिपच्या भाषेत ओळ उघडण्याला ॲक्टिव्हेट म्हणतात. ही आज्ञा मिळताच ओळीतले सगळे कपॅसिटर एकदम आपापल्या तारांना जोडले जातात. भार इतका थोडा असतो, की तारेच्या व्होल्टेजमध्ये जेमतेम फरक पडतो. तो फरक सेन्स ॲम्प्लिफायर ओळखतात, वाढवून पूर्ण शून्य किंवा एक करतात आणि कपॅसिटरमध्ये पुन्हा भरतात. म्हणजे वाचण्यातच पुन्हा लिहिणंही आलं. त्यानंतर रीड किंवा राइट ही आज्ञा स्तंभाच्या क्रमांकासह द्यायची, आणि काम झालं की प्रीचार्ज आज्ञेने ओळ बंद करायची. चिप सिलेक्ट, रॅस (ओळीच्या पत्त्याचा संकेत), कॅस (स्तंभाच्या पत्त्याचा संकेत) आणि राइट एनेबल या चार पिनांच्या हाय-लो जुळणीतून या सगळ्या आज्ञा तयार होतात.

प्रत्येक आज्ञेनंतर किती थांबायचं ते चिपच्या डेटाशीटमध्ये नॅनोसेकंदांत दिलेलं असतं. ओळ उघडल्यावर रीड देण्याआधी साधारण २० नॅनोसेकंद, प्रीचार्जनंतर पुढची ओळ उघडण्याआधी तितकेच. रीड दिल्यावर डेटा यायला दोन किंवा तीन सायकली लागतात. त्याला कॅस लेटन्सी म्हणतात. सुरुवातही रीतसर करायची असते. वीज स्थिर झाल्यावर १०० ते २०० मायक्रोसेकंद थांबायचं, सगळ्या बँका प्रीचार्ज करायच्या, काही वेळा रिफ्रेश, म्हणजे भार पुन्हा भरण्याची आज्ञा, द्यायचं आणि मग मोड रजिस्टरमध्ये कॅस लेटन्सी आणि एका दमात किती शब्द हवेत ते लिहायचं. ही सगळी पावलं स्टेट मशीनच्या, म्हणजे एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत ठरल्या क्रमाने जाणाऱ्या सर्किटच्या, रूपात एफपीजीएमध्ये बांधली, की झाला आपला मेमरी कंट्रोलर.

जागा सोडून वेळ मिळवणं

आता चित्राकडे परत येऊ. पडद्यावर सेकंदाला ६० वेळा चित्र काढायचं, तर सेकंदाला सुमारे ३.७ कोटी बाइट वाचावे लागतील. एसडीरॅमची एकच चिप १०० मेगाहर्ट्झवर चालवली, तर दर सायकलला दोन बाइट, म्हणजे सेकंदाला २० कोटी बाइटची क्षमता कागदावर दिसते. पाचपट मोकळीक आहे असं वाटतं.

पण समजा कंट्रोलर साधा लिहिला: ओळ उघड, एक शब्द वाच, ओळ बंद कर, पुढच्या शब्दासाठी पुन्हा तेच. अशा एका फेरीला १० सायकली लागल्या असं धरलं, तर सेकंदाला १ कोटी शब्द, म्हणजे २ कोटी बाइट मिळतील. गरज ३.७ कोटींची. चिप तीच, पत्ते तेच, तरी चित्र फाटेल. त्याऐवजी एकदा ओळ उघडून सलग ६४० शब्द वाचले, तर उघडण्या-मिटण्याच्या सात-आठ सायकली ६४० शब्दांत वाटल्या जातात आणि जवळजवळ पूर्ण क्षमता हाती येते.

म्हणून चित्र मेमरीत कसं मांडायचं, हाच कळीचा प्रश्न होतो. ६,१४,४०० बाइट एकापुढे एक लिहीत गेलो, तर चित्राची एक रेषा कधी मेमरीच्या एका ओळीत मावेल, तर कधी दोन ओळींत तुटेल. त्यापेक्षा चित्राच्या प्रत्येक रेषेला मेमरीची एक स्वतंत्र ओळ द्यावी. ओळ १,०२४ शब्दांची, रेषा ६४० शब्दांची. दर ओळीत ३८४ शब्द रिकामे राहतात आणि ६०० किलोबाइटच्या चित्राला ९६० किलोबाइट लागतात. ६४ मेगाबाइटमध्ये त्याने काहीच बिघडत नाही, उलट कंट्रोलर सोपा होतो आणि वेळेचा हिशेब पक्का होतो. पडद्याची एक रेषा सुमारे ३२ मायक्रोसेकंद चालते, आणि ती मेमरीतून वाचून व्हायला साडेसहा मायक्रोसेकंद पुरतात. उरलेल्या वेळात कॅमेऱ्याचं नवं चित्र लिहिता येतं.

यात आणखी एक दुवा लागतो. पडद्याला दर बिंदू साधारण २५ मेगाहर्ट्झच्या संथ, अखंड चालीने हवा असतो, तर मेमरी १०० मेगाहर्ट्झने एकदम ओतते आणि मग दुसऱ्या कामाला जाते. दोन्हींच्या मध्ये एफपीजीएच्या आतल्या मेमरीचा एक छोटा फिफो, म्हणजे आधी आलेलं आधी बाहेर सोडणारी रांग, ठेवतात. एका क्लॉकने तो भरायचा आणि दुसऱ्या क्लॉकने उपसायचा. अख्खं चित्र ठेवायला अपुरी पडलेली आतली मेमरी इथे नेमकी उपयोगी पडते.

गळणारा भार आणि तीन नॅनोसेकंद

भार गळून जाण्याआधी प्रत्येक ओळ पुन्हा भरायला हवी. या चिपसाठी नियम असा, की ६४ मिलिसेकंदांत ८,१९२ रिफ्रेश झाले पाहिजेत. म्हणजे सरासरी ७.८ मायक्रोसेकंदांना एक, किंवा १०० मेगाहर्ट्झवर दर ७८१ सायकलींना एक. एका रिफ्रेशला सात-आठ सायकली जातात, म्हणून एकूण वेळेच्या जेमतेम एक टक्का यात खर्च होतो. मात्र मोठं वाचन चालू असताना रिफ्रेशची वेळ आली तर कोणी थांबायचं, हे कंट्रोलरमध्ये आधीच ठरवावं लागतं.

ओळ उघडली की ती आपोआप पुन्हा भरली जाते, याचा १९७७ च्या ॲपल २ या संगणकात सुरेख उपयोग केला होता. पडद्यासाठी मेमरी सतत वाचावी लागायचीच. वाचण्याचा क्रम असा बसवला, की त्यातच डीरॅमचं रिफ्रेश होऊन जायचं. आपल्या बोर्डावरही चित्राच्या ४८० ओळी सेकंदाला ६० वेळा उघडतात, म्हणजे दर १७ मिलिसेकंदांना त्या ताज्या होतात. त्यामुळे रिफ्रेश विसरलेला कंट्रोलरही चित्र नीट दाखवतो, आणि चूक तेव्हाच उघड होते जेव्हा इतर ओळींत ठेवलेला डेटा बऱ्याच वेळाने मागितला जातो.

आणखी एक अडचण निव्वळ भौतिक आहे. बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेतून संकेत नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटीमीटर जातो, आणि एफपीजीएच्या आतून पिनेपर्यंत यायला त्याहून जास्त वेळ घेतो. एफपीजीएच्या आतला क्लॉक आणि मेमरीच्या पिनेवर पोहोचलेला क्लॉक यांचा मेळ त्यामुळे बसत नाही. आल्टेराच्या डीई२ मालिकेच्या शिक्षणपुस्तिकांत यावर सरळ उपाय सांगितला आहे: फेज लॉक्ड लूप (एका क्लॉकपासून वेळ सरकवलेले दुसरे क्लॉक बनवणारं सर्किट) वापरून दोन क्लॉक बनवा आणि एसडीरॅमला जाणारा क्लॉक तीन नॅनोसेकंद पुढे ठेवा. कंट्रोलरचा प्रत्येक शब्द बरोबर असूनही मेमरी भलतंच वाचते आहे, असं झालं तर पहिल्यांदा इथे पाहावं.

खरंच लिहिलं गेलं का?

कंट्रोलर तयार झाला की तो तपासायचा कसा, यालाही शिस्त आहे. एका पत्त्यावर लिहून लगेच तिथूनच वाचणं ही चाचणी फसवी ठरू शकते. मेमरीने काहीच उत्तर दिलं नाही, तरी तारांवर आधीच्या आकड्याचा भार क्षणभर उरतो आणि आपणच लिहिलेला आकडा आपल्याला परत मिळतो. म्हणून आधी पूर्ण मेमरी भरावी आणि नंतर पहिल्यापासून वाचावी. प्रत्येक जागी तिच्या पत्त्यावर बेतलेला वेगळा आकडा लिहावा, म्हणजे पत्त्याची एखादी तार तुटली किंवा दुसरीला चिकटली असेल तर ते लगेच कळतं. रिफ्रेशची खात्री करायला लिहिणं आणि वाचणं यांत मोठा खंड ठेवावा. तोही काही सेकंदांपेक्षा जास्त हवा, कारण रिफ्रेशशिवायही बरेचसे बिट नेहमीच्या तापमानाला ६४ मिलिसेकंदांच्या कितीतरी पुढे टिकतात. बोर्डावर जाण्याआधी सिम्युलेशन करावं. काही मेमरी उत्पादक आपल्या चिपची व्हेरिलॉग मॉडेल देतात, आणि वेळेचा नियम मोडला की ती तसं सांगतात.

मेमरीवर असा थेट ताबा असण्याचं मोल संशोधनातही दिसून आलं आहे. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेलमधल्या संशोधकांनी एफपीजीएवर उभारलेल्या यंत्रणेतून डीरॅमच्या ओळी हव्या त्या वेगाने उघडून-मिटून पाहिल्या. एकच ओळ पुन्हा पुन्हा उघडत राहिलं तर शेजारच्या ओळींतले बिट न लिहिताच बदलतात, हे त्यांनी दाखवलं. तपासलेल्या १२९ मॉड्यूलपैकी ११० मध्ये हा दोष निघाला. रोहॅमर नावाने तो आज ओळखला जातो, आणि संगणक सुरक्षेत त्याने एक नवं क्षेत्र उघडलं.

आजच्या बऱ्याच बोर्डांवर साध्या एसडीरॅमऐवजी डीडीआर३ असते. आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर ज्यावर चालवून पाहता येतो, त्या आर्टी ए७ बोर्डावर २५६ मेगाबाइटची डीडीआर३ आहे. तिथे क्लॉकच्या दोन्ही कडांवर डेटा धावतो आणि तारांमधला सूक्ष्म उशीर मोजून जुळवून घ्यावा लागतो, म्हणून उत्पादकाचा तयार कंट्रोलरच वापरावा. पण ओळ उघडणं, स्तंभ सांगणं, ओळ मिटवणं आणि रिफ्रेश ही चौकट तिथेही तीच आहे. म्हणून माझा आग्रह आहे, की इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याने आधी एसरॅम आणि मग साध्या एसडीरॅमचा कंट्रोलर एकदा तरी स्वतः लिहावा. त्याचा फायदा प्रोग्राम लिहितानाही होतो. वर मांडलेलं चित्र ९० अंशांत फिरवायचं असेल, तर बिंदू उभ्या रांगेने वाचावे लागतात आणि प्रत्येक बिंदूसाठी नवी ओळ उघडावी लागते. काम तेवढंच, तरी वेळ कित्येक पटींनी वाढतो. चित्राचे छोटे चौकोन करून ते एकेक आत आणले आणि तिथे फिरवले, की हा वेळ पुन्हा आटोक्यात येतो. असा उपाय सुचायला मेमरीचे पत्ते माहीत असून भागत नाही, तिचं वेळापत्रक माहीत असावं लागतं.